मारेकऱ्यांच्या दप्तराबाहेरची माणसे

नरसंहारात मारल्या गेलेल्या माणसांची आठवण समाजाने कशाच्या आधारे जपावी, हा प्रश्न वरवर पाहता संग्रहालये चालवणाऱ्यांचा आणि इतिहासकारांचा वाटतो. प्रत्यक्षात तो आपल्या सर्वांचा आहे, कारण त्या माणसांची जी प्रतिमा आपल्या मनात असते ती आपण निवडलेली नसते, ती कुणीतरी आपल्यापर्यंत पोहोचवलेली असते. दुसऱ्या महायुद्धातील ज्यूंच्या संहाराचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोन्ही हात वर केलेला, डोक्यावर टोपी असलेला वॉर्सातील एक लहान मुलगा उभा राहतो. ते छायाचित्र युर्गेन श्ट्रोप या जर्मन अधिकाऱ्याने वॉर्साची ज्यू वस्ती नष्ट केल्यावर वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालातले आहे. ऑशविट्झ या संहार-छावणीच्या फलाटावर उतरणाऱ्या, मुलांना कडेवर घेतलेल्या बायकांची जी छायाचित्रे पाठ्यपुस्तकांत छापली जातात, तीही १९४४ साली एस.एस. या नाझी निमलष्करी संघटनेच्या माणसांनीच काढलेली आहेत. ज्यांनी मारले त्यांनीच ही दृश्ये टिपली, त्यांनीच चौकट ठरवली आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच नजरेने मेलेल्यांकडे पाहत आलो. याला पर्याय आहे, तो एका विदुषीने प्रत्यक्षात उभा करून दाखवला आहे, आणि स्मारकांच्या रचनेत त्याला आजच्यापेक्षा पुष्कळ मोठे स्थान मिळायला हवे, असे माझे म्हणणे आहे. त्या विदुषीचे नाव याफा एलियाख. इतिहासाच्या प्राध्यापिका, मौखिक इतिहासाच्या संग्राहक, वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट (म्हणजे ज्यूंच्या याच संहाराच्या) संग्रहालयातील चेहऱ्यांच्या मनोऱ्याच्या निर्मात्या आणि मुला-नातवंडांच्या घरात रमलेल्या आजी. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा जन्म एशिशोक नावाच्या गावातला. हे गाव आज लिथुआनियात, व्हिल्नियसच्या दक्षिणेला, बेलारूसच्या सीमेजवळ आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ते पोलंडमध्ये होते. बाजाराचा चौक, त्याभोवती दुकाने आणि घरे, प्रार्थनास्थळे, घोड्यांचा बाजार आणि गुरुवारी आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी भरून जाणारा आठवडी बाजार, असे ते पूर्व युरोपातल्या शेकडो ज्यू गावांसारखे गाव होते. जून १९४१ मध्ये जर्मन सैन्य तिथे पोहोचले. सप्टेंबरमध्ये, ज्यू नववर्षाच्या तोंडावर, सगळ्या ज्यूंना प्रार्थनास्थळांत कोंडण्यात आले, तिथून घोड्यांच्या बाजाराच्या मैदानात नेण्यात आले, आणि २५ व २६ सप्टेंबर या दोन दिवसांत आधी पुरुषांना आणि नंतर बायका-मुलांना खड्ड्यांच्या कडेला उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. या मोहिमेचा प्रमुख कार्ल येगर याने १ डिसेंबर १९४१ रोजी जो अहवाल तयार केला त्यात एशिशोकसाठी एक ओळ आहे. ९८९ पुरुष, १६३६ स्त्रिया, ८२१ मुले, एकूण ३४४६. त्याच अहवालात अशा ओळी पानेच्या पाने आहेत आणि शेवटची बेरीज १ लाख ३७ हजार ३४६ इतकी येते.

ही ओळ इतिहासकाराला लागतेच. तिच्यामुळे गुन्हा सिद्ध होतो, तारीख कळते, आज्ञा देणाऱ्यांची साखळी उलगडते. पण त्या १६३६ स्त्रियांमध्ये कुणाचे शिवणकामाचे दुकान होते, कुणाचे लग्न पुढच्या महिन्यात ठरले होते, कोण नाटकात कामे करत होती, यातले काहीही ती ओळ सांगू शकत नाही, कारण ते लिहिणाऱ्याला ते नकोच होते. संहाराच्या पद्धतीतच हे बसवलेले होते की मारण्याआधी माणसाचे माणूसपण काढून घ्यायचे, त्याला वर्ग आणि आकडा करून टाकायचे. अशा वेळी स्मारक उभारणाराही फक्त आकड्यांवर आणि मारेकऱ्यांच्या छायाचित्रांवर विसंबून राहिला, तर त्याचा हेतू कितीही चांगला असला तरी तो मारेकऱ्यांचेच दप्तर पुढे चालवत असतो. हे विधान कठोर वाटेल, पण मी ते विचारपूर्वक करतो आहे.

लहानग्या याफाचे कुटुंब कत्तलीच्या आधी निसटले. पुढची तीन वर्षे आई-वडील आणि मुले तळघरांत, खड्ड्यांत, काही पोलिश शेतकऱ्यांच्या आसऱ्याने जगली. त्या काळात अन्नही धड मिळत नव्हते, तरी या कुटुंबाने घरची काही छायाचित्रे अंगावर लपवून जवळ ठेवली. रशियन सैन्य आल्यावर ते गावात परतले आणि तिथेच ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांची आई आणि तान्हा भाऊ मारले गेले. वडिलांना सोव्हिएत अधिकाऱ्यांनी पकडून सैबेरियाला पाठवले. याफा १९४६ साली पॅलेस्टाईनला आणि १९५४ साली अमेरिकेला गेल्या, शिकल्या, आणि ब्रुकलिन कॉलेजात ज्यू इतिहास व साहित्य शिकवू लागल्या. १९७४ साली त्यांनी ब्रुकलिनमध्ये होलोकॉस्टच्या अभ्यासाचे एक केंद्र सुरू केले. अमेरिकेत या विषयाला तेव्हा आजच्यासारखी सार्वजनिक मान्यता नव्हती. वाचलेल्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे, त्यांच्याकडची पत्रे, रोजनिश्या आणि छायाचित्रे सांभाळण्याचे काम त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या हातून करवून घेतले. त्यांतल्या अनेकांच्या घरीच वाचलेली माणसे होती, आणि घरात कधी न विचारलेले प्रश्न त्यांनी अभ्यासाच्या निमित्ताने विचारले.

१९७८ साली अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑशविट्झमधून वाचलेले लेखक एली विझेल यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. राष्ट्रीय स्मारक कसे असावे हे या आयोगाने सुचवायचे होते आणि एलियाख त्याच्या कामात सहभागी होत्या. १९७९ साली आयोगाचे शिष्टमंडळ पूर्व युरोपच्या दौऱ्यावर गेले. छावण्यांचे अवशेष, राखेचे ढीग, चपलांचे ढिगारे पाहत हा प्रवास चालला होता. त्या दौऱ्यातल्या विमानप्रवासात, आपल्या गावाच्या मुलुखावरून जाताना, त्यांनी मनाशी ठरवले की आपण जे स्मारक करू ते मृत्यूचे नसेल, जगण्याचे असेल. हा निर्णय भावनेच्या भरात झाला असेल. पण तो अमलात आणण्यासाठी त्यांनी पुढची जवळजवळ दोन दशके जे केले ते शुद्ध संशोधन होते.

त्यांच्या हाताशी एक गोष्ट होती जी फार थोड्या गावांच्या वाट्याला आली असेल. त्यांच्या आजोळीच गावाचा फोटो स्टुडिओ होता. आजोबा यित्झहाक उरी काट्झ आणि आजी आल्ते काट्झ हे दोघेही छायाचित्रकार. गावातल्या बारशा-लग्नांपासून परदेशी निघालेल्या मुलांच्या निरोपापर्यंत सगळे त्यांच्या काचेसमोरून गेले होते. गावात बेन-झिऑन श्राइडर आणि रफाएल लेइबोविच असे आणखीही छायाचित्रकार होते, आणि कामाची कमतरता कुणालाच नव्हती. याचे कारण स्थलांतरात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्व युरोपातून लाखो ज्यू अमेरिकेला गेले, काही पॅलेस्टाईनला गेले, आणि मागे राहिलेल्यांनी त्यांना छायाचित्रे पाठवली. नवीन वर्षाच्या शुभेच्छांबरोबर कुटुंबाचा फोटो पाठवण्याची रीतच पडली होती. मुलगी किती उंच झाली, धाकट्याला शाळेत घातले, आजीची तब्येत बरी आहे, हे सगळे त्या एका कार्डावरून शिकागोतल्या किंवा जेरूसलेममधल्या मुलाला कळायचे. मागच्या बाजूला पेनाने चार ओळी लिहिलेल्या असायच्या. गावातली मूळ घरे लुटली गेली, अल्बम जळाले, पण समुद्रापार पाठवलेल्या प्रती कपाटांत, पत्र्याच्या डब्यांत, बायबलच्या पानांत सुरक्षित राहिल्या.

एलियाख यांनी या प्रती शोधून काढल्या. आडनावांचा माग घेत, एका नातेवाइकाकडून दुसऱ्याचा पत्ता मिळवत, देशोदेशी फिरत त्यांनी सुमारे ६००० छायाचित्रे जमवली. यासाठी दारोदार जावे लागले. फोटो देण्याची कुणाची तयारी नसे, आणि ते समजण्यासारखे आहे. ज्या माणसाकडे आईची एकच खूण उरली आहे त्याने ती अनोळखी प्राध्यापिकेच्या हाती का द्यावी? इथे त्यांच्या कामी आली ती गावची ओळख. त्या कुणाच्या तरी नात होत्या, कुणाच्या तरी शेजारच्या मुलीची मुलगी होत्या, आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसाला बोलते करण्यासाठी जो धीर लागतो तो विद्यापीठात शिकवला जात नाही. प्रत्येक छायाचित्राबरोबर त्यांनी नावे लिहून घेतली. डावीकडून पहिली कोण, मागे उभा असलेला कुणाचा मुलगा, कोण अमेरिकेला गेला, कोण सप्टेंबर १९४१ मध्ये मारली गेली. एकाच समूहचित्राची ओळख दोन-तीन ठिकाणी पटवून पाहायची, विसंगती निघाली तर पुन्हा विचारायचे, अशी ही पद्धत होती. त्यातून १९९८ साली गावाचा एक जाडजूड इतिहास प्रसिद्ध झाला. तो अमेरिकेतल्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत होता.

त्याआधी, एप्रिल १९९३ मध्ये, वॉशिंग्टनमध्ये होलोकॉस्ट संग्रहालय सुरू झाले आणि त्यात एलियाख यांचा मनोरा उभा राहिला. तीन मजले उंच, वर निमुळता होत गेलेला हा धुराड्यासारखा मनोरा आतून पूर्णपणे एशिशोकच्या छायाचित्रांनी मढवलेला आहे. हजारांहून अधिक छायाचित्रे, साधारण १८९० पासून १९४१ पर्यंतची. प्रेक्षक वरच्या मजल्यावरून खाली उतरत जातो आणि वाटेत दोन वेगवेगळ्या मजल्यांवर पुलावरून या मनोऱ्यातून जातो. पहिल्यांदा जातो तेव्हा त्याला सभोवती फक्त माणसे दिसतात. सायकलींवर हात ठेवून उभे असलेले तरुण, बर्फावर घसरण्यासाठी पायांना स्की बांधलेल्या मुली, जंगलात सहलीला गेलेला शाळेचा वर्ग, नाटकाच्या वेशात उभी असलेली मंडळी, दाढीवाले आजोबा, नवी कोरी टोपी घातलेले बाळ. त्यात कोंबड्यांना दाणे टाकणारी एक चिमुरडीही आहे. ती स्वतः याफा. दुसऱ्यांदा, खालच्या मजल्यावर, तो त्याच चेहऱ्यांमध्ये परत येतो तेव्हा या गावाचे काय झाले हे त्याला कळलेले असते. वरच्या रांगांतले चेहरे मान कितीही उंचावली तरी नीट दिसत नाहीत, आणि खालच्या रांगा पुलाच्या खाली दूर जातात.

रचनेतला हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी ओळख होते, मग हानी कळते. बहुतेक स्मारकांत हे उलटे असते. प्रेतांच्या ढिगाऱ्यापासून सुरुवात करून नंतर कोपऱ्यात "ही माणसे अशी होती" असे सांगितले जाते, तेव्हा पाहणाऱ्याचे मन आधीच बधिर झालेले असते. मृतदेहाच्या छायाचित्रापुढे माणूस हळहळतो, मान फिरवतो आणि पुढे जातो. सायकलीवर रेललेल्या तरुणापुढे तो थांबतो, कारण तशी ऐट त्याने आपल्या मामाच्या, काकाच्या जुन्या फोटोत पाहिलेली असते. मेलेल्यांविषयी दया वाटणे आणि ते आपल्यासारखेच होते हे उमजणे, या दोन फार वेगळ्या अवस्था आहेत. पहिल्या अवस्थेत पाहणारा वर असतो आणि मेलेला खाली. दुसरीत ते एका पातळीवर येतात, आणि हे कुणाच्याही बाबतीत घडू शकते हा विचार तिथूनच सुरू होतो.

या छायाचित्रांनी इतिहासाच्या आकलनातही भर घातली, हे आवर्जून सांगायला हवे, कारण अशा कामाला "भावनिक" म्हणून बाजूला सारण्याची विद्वानांना सवय असते. पूर्व युरोपातल्या ज्यू गावाचे जे लोकप्रिय चित्र आहे त्यात सगळे धार्मिक, गरीब, काळ्या कोटातले आणि काळाच्या मागे राहिलेले असतात. एशिशोकच्या अल्बमात दिसणारी माणसे धार्मिक आहेत आणि नव्या विचारांचीही आहेत. मुली केस कापून कारखान्यात कामाला जात आहेत, हिब्रू शाळा आहे, वेगवेगळ्या राजकीय पक्षांच्या युवक शाखा आहेत, कुणी अमेरिकेहून परत येऊन तिकडची टोपी मिरवतो आहे. हा समाज बदलत होता, आपापसांत भांडत होता, पुढची स्वप्ने पाहत होता. तो आपोआप मावळणारा समाज नव्हता, भरात असताना त्याला संपवण्यात आले. गुन्ह्याचे स्वरूप समजण्यासाठी ही माहिती येगरच्या आकड्यांइतकीच आवश्यक आहे.

या विचारसरणीवर आक्षेप आहेत, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पहिला असा की छायाचित्रे खोटे बोलतात. स्टुडिओत जाताना माणूस ठेवणीतले कपडे घालतो, पैसे नसणारा जातच नाही, आणि परदेशी मुलाला पाठवायच्या फोटोत आई आजारपण दाखवत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. अल्बमांच्या आधारे गावाच्या अर्थकारणाचा इतिहास लिहिता येणार नाही, आणि पाणक्या-हमालांचे चेहरे या मनोऱ्यात व्यापाऱ्यांच्या मानाने कमी असणार हे उघड आहे. पण माणसाला स्वतःला कसे दिसायचे होते, हे ज्या साधनांतून समजते ती साधनेही पुरावाच असतात. ज्यांना मरताना नागवे करण्यात आले, त्यांना त्यांच्या ठेवणीतल्या कपड्यांत पाहण्याचा आग्रह धरणे हे सत्यापासून पळणे ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जगण्यावर भर दिला की गुन्हेगार नजरेआड होतात, मनोरा पाहून डोळे पाणावलेला माणूस हे कुणी केले आणि कुणी करू दिले हे विचारायला विसरतो, असे काही जण म्हणतात. नुसताच मनोरा असता तर मीही या आक्षेपाच्या बाजूने उभा राहिलो असतो. पण तो एका मोठ्या प्रदर्शनाचा भाग आहे आणि त्यात कायदे, आज्ञापत्रे, रेल्वेचे डबे, सहकार्य करणाऱ्यांची माहिती, सगळे आहे. माझा आग्रह मारेकऱ्यांची कागदपत्रे फेकून देण्याचा नाहीच. ती न्यायालयात आणि अभ्यासिकेत पुराव्याच्या जागी राहावीत, आणि मेलेल्यांच्या ओळखीच्या जागी त्यांनी स्वतः मागे ठेवलेल्या गोष्टी याव्यात, एवढाच आहे.

या दोन जागा किती जवळ येऊ शकतात याचे उदाहरण ऑशविट्झच्या फलाटावरची ती छायाचित्रे ज्या अल्बमात होती त्यातच आहे. छावणीतून छावणीत नेली गेलेली लिली याकोब ही तरुणी सुटकेनंतर एका रिकाम्या जर्मन बराकीत ऊब शोधत असताना तिला तो अल्बम सापडला. त्यात तिला आपल्या गावचे धर्मगुरू दिसले आणि आपलेच भाऊ दिसले. एस.एस.साठी जो "आलेला माल" होता त्याला तिने नावे दिली आणि पुढे १९८० साली तो अल्बम जेरूसलेमच्या याद वाशेम या संहार-स्मारक संस्थेकडे सोपवला. मारेकऱ्याने काढलेले छायाचित्रसुद्धा घरच्या माणसाच्या ओळखीने त्याच्या ताब्यातून सोडवता येते. मात्र त्यासाठी ओळखणारे माणूस जिवंत असावे लागते, आणि कुणीतरी त्याच्याकडे जाऊन विचारावे लागते.

तिसरा वाद एलियाख यांच्या आयुष्यातला आहे आणि तो वगळून त्यांच्याविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. आई आणि भावाला पोलिश भूमिगत सेनेच्या माणसांनी ज्यू म्हणून मारले, असे त्यांनी लिहिले. पोलिश टीकाकारांनी त्याला जोरदार हरकत घेतली. हल्ला त्या घरात उतरलेल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांवर होता आणि मायलेकरे त्या गोळीबारात सापडली, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद अमेरिकेतल्या वृत्तपत्रांपर्यंत गेला आणि कडवट झाला. मला वाटते, आईच्या मृत्यूची साक्ष देणाऱ्या लेकीने जे पाहिले ते तिच्याहून अधिक कुणाला माहीत असणार नाही. हल्लेखोरांच्या मनात काय होते हे ठरवायला मात्र दुसरी साधने लागतात, आणि आठवणीवर आधारलेल्या इतिहासाने ही मर्यादा उघडपणे मान्य केली पाहिजे. पण एका रात्रीविषयीच्या या मतभेदाचा उपयोग ६००० छायाचित्रांचे काम संशयास्पद ठरवण्यासाठी करणे, किंवा उलट त्या रात्रीवरून एका संपूर्ण समाजाला दोषी धरणे, दोन्ही अन्यायाचे आहे. याच कुटुंबाला पोलिश शेतकऱ्यांनी जीव धोक्यात घालून लपवले होते, हेही त्यांच्याच आठवणींतून आपल्याला कळते.

एलियाख यांच्या निधनानंतर त्यांच्याविषयी जे लिहिले गेले त्यात विदुषी म्हणून त्यांचा गौरव झाला आणि शेवटच्या परिच्छेदात मुले-नातवंडे आली. अशा लेखांची ती रीतच असते. मला मात्र वाटते की त्यांच्या कामाच्या संदर्भात आजीपण शेवटच्या परिच्छेदात टाकण्यासारखी गोष्ट नाही. जगभर घरातली छायाचित्रे सांभाळण्याचे, नाती लक्षात ठेवण्याचे, कोण कुणाचा कोण हे सांगण्याचे काम बहुतांशी बायकांनी, आणि त्यातही आज्यांनी केलेले आहे. ते काम घरकामात धरले जाते आणि त्याला ज्ञान म्हणत नाहीत. आल्ते काट्झ यांनी काढलेली छायाचित्रे त्यांच्या हयातीत गावातल्या एका स्टुडिओचा धंदा होती. त्यांच्या नातीने त्यांना इतिहासाच्या साधनांचा दर्जा मिळवून दिला. राज्यकर्त्यांच्या दप्तरखान्यात जे सापडते तोच खरा इतिहास, ही समजूत ज्या समाजाचे दप्तरखाने त्याच्या शत्रूंच्या हातात होते त्या समाजाच्या बाबतीत तरी टिकू शकत नाही. एशिशोकचा दप्तरखाना आज्यांच्या कपाटांत होता.

मराठी वाचकांचा या प्रश्नाशी एक खराखुरा संबंध आहे, आणि तो बेने इस्रायलींच्या रूपाने आहे. आधीच स्पष्ट करतो की इथे तुलना संहाराची नाही. कोकणातल्या ज्यूंना त्यांच्या शेजाऱ्यांनी कधी छळले नाही; ते शेकडो वर्षे अलिबाग, रेवदंडा, चौल, पेण, नागाव या पट्ट्यात तेल गाळत, शेती करत, पुढे मुंबईत शिक्षक, कारकून, डॉक्टर, सैनिक होत राहिले, आणि १९४८ नंतर बहुसंख्येने आपखुशीने इस्रायलला गेले. पण गावे रिकामी होण्याचे कारण वेगळे असले तरी आठवणीपुढचा प्रश्न पुष्कळसा सारखा आहे. अलिबागच्या इस्रायल आळीतले प्रार्थनास्थळ उभे आहे, मुंबईत १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी बांधलेले प्रार्थनास्थळही आहे, दफनभूमीतल्या दगडांवर मराठी अक्षरे आहेत. या इमारतींविषयी आपल्याकडे अधूनमधून लिहिले जाते. माणसांविषयी फार कमी लिहिले जाते. एलिया हनवी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करणाऱ्या, नऊवारी नेसून स्टुडिओच्या पडद्यापुढे बसलेल्या, मराठी कीर्तने ऐकत वाढलेल्या बायकांची छायाचित्रे आज लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबा इथल्या घरांत आहेत. तिथल्या मराठी भाषकांनी "मायबोली" नावाचे नियतकालिक चालवले, यावरून त्यांची भाषेविषयीची ओढ कळते. ती छायाचित्रे महाराष्ट्राच्याही इतिहासाची साधने आहेत, आणि ती गोळा करणे, निदान त्यांच्या प्रती करून घेणे, हे केवळ त्या समाजाचे घरगुती काम मानून महाराष्ट्राने मोकळे होऊ नये.

हे काम कसे करायचे यासाठी नव्या सिद्धांताची गरज नाही. एलियाख यांची पद्धत समोर आहे. मूळ छायाचित्र घरच्यांकडेच राहू द्यावे आणि त्याची चांगली प्रत घ्यावी. पुढची बाजू टिपताना मागची बाजूही टिपावी, कारण तारीख, गाव आणि नाते बहुधा तिथेच लिहिलेले असते. चेहऱ्यांची नावे एकाच माणसाकडून न घेता दोन-तीन घरांत ताडून पाहावीत. सांगणाऱ्याचे बोलणे त्याच्याच मराठीत मुद्रित करावे. कुठल्या घराने काय दिले याची नोंद ठेवावी आणि जे सार्वजनिक करायला घरच्यांची परवानगी नाही ते बंद ठेवावे. एखाद्या विद्यापीठाचा इतिहास विभाग, मुंबईतले एखादे संग्रहालय आणि इस्रायलमधली मराठी मंडळी एकत्र आली तर यासाठी फार मोठा निधीही लागणार नाही. लागेल तो वेळ, आणि तोच थोडा आहे. इस्रायलला जाण्यापूर्वीचे कोकण ज्यांनी कळत्या वयात पाहिले ती पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. समूहचित्रात मागच्या रांगेत उभी असलेली बाई चौलची की रेवदंड्याची, आणि तिचे नाव काय, हे सांगू शकणारे लोक आज आहेत. पंधरा-वीस वर्षांनी छायाचित्रे तशीच असतील, पण त्यांतल्या माणसांची नावे विचारायला कुणी उरलेले नसेल. म्हणून हे काम पुढच्या पिढीवर न टाकता आताच हाती घेतले पाहिजे.